व्हॅट सगळ्यांना सारखा, मग झळ कमी-जास्त का?

खर्चाची वही:
बिलाच्या तळाशी व्हॅटची, म्हणजे विक्रीच्या दर टप्प्यावर लागणाऱ्या मूल्यवर्धित कराची, एक ओळ असते. विकत घेणारा कोण आहे, हे ती ओळ बघत नाही. साबणाच्या वडीवर कारखान्याचा मालक जेवढा कर भरतो, तेवढाच त्याच्या कचेरीची फरशी पुसणारी बाईही भरते. काही जण यालाच समानता म्हणतात.

साधा हिशेब मांडते. एका घरात महिन्याला १०० येतात आणि १०० जातात. दुसऱ्या घरात १,००० येतात, ५०० खर्च होतात आणि बाकीचे गुंतवले जातात. सगळ्या वस्तूंवर १० टक्के कर. पहिलं घर साधारण ९ भरतं, दुसरं ४५. श्रीमंत पाचपट भरतो, वाजवा टाळ्या! पण मिळकतीशी ताडून बघा: पहिल्याच्या मिळकतीतले ९ टक्के गेले, दुसऱ्याचे साडेचार. त्यातही पहिल्या घराला ते ९ कुठला तरी खर्च मारून काढावे लागतात. दुसऱ्या घरात ४५ गेल्याचा पत्ताही लागत नाही.

फ्रान्समध्ये १९५४ साली मोरिस लोरे या कर अधिकाऱ्याच्या डोक्यातून व्हॅट निघाला. मागच्या टप्प्यावर, म्हणजे स्वतः माल घेताना, भरलेल्या कराची वजावट मिळते, म्हणून व्यापारी स्वतःच कागद जपून ठेवतो. सरकारांना तो लाडका आहे तो यामुळे. वसुली सोपी, हे कबूल. पण गरजेच्या वस्तूंवर तो शून्य असावा, एवढंच माझं म्हणणं.

उलटतपासणी:
ते उरलेले ५०० गेले कुठे? आज ना उद्या खर्च होणारच, तेव्हा कर लागेलच. एका महिन्याच्या मिळकतीवर गरिबी ठरवायची तर वैद्यकीचा विद्यार्थीही गरीब आणि साठवलेल्या पैशावर मजेत जगणारा निवृत्त डॉक्टरही गरीब. सबंध आयुष्याची मिळकत आणि खर्च समोरासमोर ठेवा, तुमची तफावत बरीच आकसेल.

आता शून्य दर. गरीब घराचे १०० पैकी ५० अन्नावर जातात, श्रीमंत घराचे ५०० पैकी १५०, असं धरू. अन्नावरचा कर काढला की माफी कोणाला जास्त? श्रीमंताला, तीही तिप्पट. त्यापेक्षा कर सरसकट घ्या आणि गरिबाच्या हातात रोख ठेवा. डेन्मार्क १९९२पासून २५ टक्के घेतो, अन्नावरसुद्धा. ब्रिटनमध्ये बहुतेक अन्न आणि मुलांचे कपडे शून्य दरात आहेत. दोन्हींपैकी विषमता कुठे कमी आहे, ते तुम्हाला ठाऊक असेलच.

खर्चाची वही:
‘आज ना उद्या’ म्हणजे नातवंडांच्या काळात का? वारसाहक्काने पुढे जाणारा पैसा पिढ्यानपिढ्या गुंतलेलाच राहतो. शिवाय श्रीमंतांचा पैसा जातो त्या बँकिंग आणि विम्याच्या बहुतेक सेवांना युरोपात व्हॅट नाही. डेन्मार्कमध्ये समता आहे ती तिथल्या आयकरामुळे आणि सरकारी सेवांमुळे. श्रेय व्हॅटला कशाला देता?

आकडेमोड:
मी काठावरचा, पण दर कमी केला की भाव उतरतो हे गृहीत धरू नका. फ्रान्सने जुलै २००९मध्ये रेस्टॉरंटांवरचा व्हॅट १९.६वरून ५.५ टक्क्यांवर आणला. सगळा फायदा गिऱ्हाइकापर्यंत पोचता तर बिल १२ टक्क्यांच्या आसपास उतरलं असतं. उतरलं त्याच्या लहानशा हिश्श्याने. मोठा वाटा मालकांच्या गल्ल्यात राहिला.

आणखी एक. पुष्कळ गरीब देशांत गरीब माणूस नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्याकडून माल घेतो, तिथे बिलही नाही आणि करही नाही. (विक्रेत्याने घाऊक माल घेताना भरलेला कर भावात लपलेला असतो, ती गोष्ट वेगळी.)

निळी शाई:
‘कर घ्या आणि रोख द्या’ हे कागदावर फार देखणं दिसतं. न्यूझीलंडचं काय झालं ते बघा. १९८६च्या ऑक्टोबरात तिथे १० टक्के जीएसटी (व्हॅटचंच तिथलं नाव) आला, जवळपास सगळ्या वस्तूंवर, अन्नासकट. भरपाई म्हणून सरकारी भत्ते वाढवले आणि आयकरही कमी केला. १९८९मध्ये जीएसटी साडेबारा टक्के झाला. १९९१मध्ये सरकार दुसरं होतं, त्याने भत्त्यांना कात्री लावली. आज दर १५ टक्के आहे. कर मुक्कामाला आला आणि भरपाई पाहुणी ठरली!

कॅनडातही १९९१पासून कमी मिळकतीच्या घरांना जीएसटीचा परतावा आहे. पण त्यासाठी आयकराचं विवरणपत्र भरावं लागतं, मिळकत शून्य असली तरी. ज्याला राहायला धड पत्ताही नाही, तो ते कधी भरणार? कर मात्र त्याच्याकडून कर लागणाऱ्या दर खरेदीला बिनचूक कापला जातो.

उलटतपासणी:
हा दोष त्या सरकारचा झाला, कराचा नव्हे. भत्ते कापणारं सरकार उद्या शून्य दरही काढेल.

निळी शाई:
काढायला गेलं तर बघा काय होतं. शून्य दराला हात लावला की सगळी घरं ओरडतात, श्रीमंतांचीही. भत्ता कापला की फक्त गरीब ओरडतो, आणि त्याच्या ओरडण्याला किती किंमत असते ते आपण जाणतो. श्रीमंताला तिप्पट माफी जाते, ती मी विम्याचा हप्ता समजते.

उलटतपासणी:
गरिबाचा एक रुपया वाचवायला तीन रुपये हप्ता? असा विमा तुम्ही स्वतःच्या घरासाठी काढाल का?

खर्चाची वही:
तुम्ही एका घरासमोर एक घर ठेवून बघताय. एका श्रीमंत घरामागे दहा गरीब घरं धरा. गरिबांकडे मिळून दहा रुपये राहतात, श्रीमंताकडे तीन.

उलटतपासणी:
आणि मधली घरं? ती तुम्ही दोघींनी कुठल्या रकान्यात टाकली, तेवढं सांगा.