मदत हवी आहे : अमेरिकेतील ‘स्नायडर’ या आडनावाचे मूळ आणि त्यावरून मूळ गावाचा शोध

नमस्कार.

मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले असून गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे पेनसिल्व्हेनियात पाच महिने राहून आले. माझ्या जावयांचे आडनाव ‘स्नायडर’ आहे आणि अर्थातच नातीचेही तेच. आमच्या बाजूची वंशावळ मी सात पिढ्यांपर्यंत लिहून ठेवली आहे. तिची दुसरी बाजू कोरी राहू नये म्हणून हे काम अंगावर घेतले आणि आता अशा ठिकाणी अडकले आहे की जाणकारांच्या मदतीशिवाय पुढे जाता येईल असे वाटत नाही.

व्याह्यांकडून घराण्याविषयी दोन गोष्टी कळल्या. पहिली अशी की मूळ आडनाव ‘श्नायडर’ होते आणि न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर उतरल्यावर तेथील कारकुनाने ते ‘स्नायडर’ असे लिहून टाकले. दुसरी अशी की त्यांच्या आजी नेहमी ‘आपण डच आहोत’ असे सांगत. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत, कारण जुन्या डच भाषेत शिंप्याला ‘स्नायडर’च म्हणत आणि घराणे डच असते तर कारकुनाला बदलण्यासारखे काही उरलेच नसते. (काहीही बिघडले की कारकुनाच्या माथी मारायचे, ही रीत तिकडेही आहे हे पाहून माझी करमणूक झाली.)

मग आम्ही रीडिंग शहराजवळच्या एका खेड्यातील चर्चच्या आवारात घराण्याची थडगी पाहायला गेलो. तेथे एक दगड 1849 चा असून त्यावर इंग्रजीत ‘स्नायडर’ असे स्वच्छ कोरलेले आहे. त्याच्या मागच्या रांगेत, थोडा कललेला, तांबूस वालुकाश्माचा दुसरा दगड आहे. त्यावरची अक्षरे जुन्या जर्मन वळणाची आहेत. सकाळी ती अजिबात लागेनात, परंतु सायंकाळी ऊन तिरपे झाल्यावर एकेक अक्षर सावलीने उठून दिसू लागले. ‘हीअर रूट’, म्हणजे ‘येथे विसावला आहे’, अशी सुरुवात, मग नाव, मग ‘श्नायडर’, मृत्यू 14 मार्च 1811, आणि वय 72 वर्षे 5 महिने 9 दिवस. जन्मतारीख न लिहिता वय दिवसांपर्यंत मोजून लिहिलेले आहे, त्यामुळे हिशेब मांडावा लागला आणि जन्म 5 ऑक्टोबर 1738 असा निघाला. खालच्या दोन ओळी मातीत गेल्या आहेत. शेजारी त्यांच्या पत्नीचा दगड असून त्यावर नावापुढे ‘श्नायडरिन’ असे आहे आणि त्यानंतर ‘गेबोर्ने म्युलरिन’ असे दोन शब्द आहेत, ज्यांचा अर्थ मला लागलेला नाही.

एलिस बेटावरचे, बाहेरदेशाहून येणाऱ्यांची तपासणी करणारे केंद्र 1 जानेवारी 1892 रोजी सुरू झाले. दगडाखालचे गृहस्थ त्याआधी ऐंशी वर्षे गेलेले होते, तेव्हा ती गोष्ट तेथेच निकालात निघाली. शिवाय त्या केंद्रातील अधिकारी नावे ऐकून लिहीत नसत; युरोपातील बंदरातून निघतानाच जहाज कंपनीने तयार केलेली यादी त्यांच्यासमोर असे आणि ते ती तपासून पाहत. मग 1811 आणि 1849 यांच्या दरम्यान हा फेरफार कोणी, कशाच्या आधारे आणि कोणत्या तारखेला केला? आमच्या खात्यात बापाचे नाव जाऊन मुलाचे लागायचे तरी तलाठी फेरफार धरतो. येथे आडनावाचे स्पेलिंग पालटले तरी कागद सापडत नाही.

आडनावाविषयी जे वाचले ते थोडक्यात सांगते. जर्मनमध्ये ‘श्नायडन’ म्हणजे कापणे आणि ‘श्नायडर’ म्हणजे कापड बेतणारा, म्हणजे आपल्या ‘शिंपी’ या आडनावाचे हे सख्खे भावंड झाले. जर्मनीत म्युलर आणि श्मिट यांच्यानंतर तिसऱ्या क्रमांकावर हेच आडनाव येते. उत्तरेकडे याच धंद्यावरून ‘श्र्योडर’ आणि ‘श्राडर’ ही निराळी आडनावे पडली, त्यामुळे श्नायडर घराणे मध्य किंवा दक्षिण जर्मनीतले असण्याचा संभव अधिक, एवढीच दिशा त्यातून मिळते. अमेरिकेत 2010 च्या जनगणनेनुसार ‘स्नायडर’ लावणारे दीड लाखांहून अधिक आहेत आणि मूळ रूप टिकवलेले ‘श्नायडर’ लाखाच्या आसपास. स्नायडर तर देशातील पहिल्या दोनशे आडनावांत मोडते. त्याच पेनसिल्व्हेनियात 1855 मध्ये स्थापन झालेली स्नायडर काउंटीही (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) आहे. 1808 ते 1817 या काळात राज्याचे गव्हर्नर असलेल्या सायमन स्नायडर यांचे नाव तिला दिलेले आहे आणि त्यांचे वडील ऱ्हाइनकाठच्या ओपनहाइम या गावातून आलेले होते. व्याह्यांना हे नाते जोडायला फार आवडेल, पण मला त्याचा काडीचाही पुरावा दिसत नाही.

माझी खरी अडचण येथेच आहे. आपल्याकडे आडनावाला ‘कर’ लागले की निदान गाव तरी हाती येते. जर्मनीतही तशी आडनावे आहेत आणि ओपनहाइमर म्हणजे सरळसरळ ‘ओपनहाइमकर’. परंतु शिंपी, सुतार, लोहार ही आडनावे प्रत्येक गावात स्वतंत्रपणे पडतात आणि एका शिंप्याचा दुसऱ्या शिंप्याशी रक्ताचा संबंध असेलच असे नाही. म्हणजे आडनाव जितके प्रचलित, तितका शोध अवघड. अशा स्थितीत अठराव्या शतकातील एका श्नायडरचे युरोपातील गाव शोधायचे असेल तर कोणते दप्तर आधी उघडावे, ‘डच’ या शब्दाचे काय करावे आणि पत्नीच्या दगडावरील शब्दांचा अर्थ काय, हे कृपया कोणी सांगू शकेल का?

प्रतिसाद 1

ताई, ‘डच’चे कोडे सोपे आहे. अठराव्या शतकातील इंग्रजीत हा शब्द हॉलंडच्या लोकांपुरता मर्यादित नव्हता, जर्मन बोलणाऱ्यांनाही तो सर्रास लावत असत, आणि पेनसिल्व्हेनियातील जर्मन स्वतःच्या बोलीला ‘डाइच’ म्हणतात. त्यामुळे ‘पेनसिल्व्हेनिया डच’ म्हणजे जर्मनच. आजींचे म्हणणे खरे होते, ऐकणाऱ्यांनी देश चुकीचा धरला.

मात्र सगळेच स्नायडर जर्मन असे धरून चालू नये. न्यूयॉर्क राज्यात, हडसन नदीच्या खोऱ्यात, खरे डच स्नायडरही आहेत, आणि गंमत म्हणजे त्यांच्यातही जर्मन मिसळलेले आहेत. 1710 मध्ये सुमारे तीन हजार जर्मन निर्वासित, मुख्यतः ऱ्हाइनकाठच्या पॅलाटिनेट प्रांतातले, इंग्रज सरकारने जहाजांसाठी डांबर तयार करवून घ्यायला तेथे नेले होते. ती योजना फसली, माणसे मात्र तेथेच राहिली, आणि त्यांच्या मुलांचे बाप्तिस्मे डच पाद्र्यांनी डच वळणाने नोंदवले.

प्रतिसाद 2

नमस्कार. मी ओहायोत राहतो आणि माझ्या पत्नीच्या घराण्यासाठी हेच उद्योग केलेले आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी दगडाविषयी. जुन्या जर्मन नोंदींत स्त्रीच्या आडनावाला ‘इन’ हा प्रत्यय लावत, त्यामुळे ‘श्नायडरिन’ हे वेगळे आडनाव नसून श्नायडरांची पत्नी एवढाच त्याचा अर्थ आहे. ‘गेबोर्ने’ म्हणजे ‘माहेरची’. म्हणजे आजीबाई माहेरच्या म्युलर होत्या. दुर्दैवाने म्युलर, म्हणजे दळण दळणारा, हे जर्मनीतील पहिल्या क्रमांकाचे आडनाव आहे, तेव्हा माहेराकडूनही आपल्याला फारसा आधार मिळणार नाही.

आता फेरफाराविषयी. आपण एक तारीख शोधत आहात, परंतु तशी तारीख बहुधा नसतेच. इंग्रज कारकून कानाला ऐकू आले ते लिही, जसे आपल्या शिंद्यांचे इंग्रजी कागदांत ‘सिंदिया’ झाले. एकाच माणसाचे आडनाव करपट्टीच्या यादीत एका तऱ्हेने, जमिनीच्या खतात दुसऱ्या तऱ्हेने आणि चर्चच्या वहीत तिसऱ्या तऱ्हेने लिहिलेले मी पाहिले आहे, आणि त्या माणसाला त्याचे काही वाटत असेल असे दिसत नाही. स्पेलिंगमधला ‘वाय’ हा मूळ ‘आय’ उच्चार टिकवण्यासाठी आला. जर्मन अक्षरे तशीच ठेवली असती तर इंग्रजी वाचणाऱ्याने तो हमखास बिघडवला असता. पेनसिल्व्हेनियात 1834 मध्ये सार्वजनिक शाळांचा कायदा झाला, त्याला जर्मन वस्त्यांतून मोठा विरोध झाला, पण हळूहळू मुले इंग्रजीत सही करू लागली. आपले दोन दगड याच बदलाच्या दोन बाजूंना उभे आहेत. काहींनी तर आडनावाचे सरळ भाषांतर करून ‘टेलर’ लावले; ते आता इंग्रज टेलरांत इतके मिसळले आहेत की आकडेवारीत दिसतही नाहीत. 1917 मध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध युद्धात उतरल्यानंतर धास्तीने आडनावे बदलणारे निराळे, आपले घराणे त्याच्या फार आधीचे आहे.

या कारणाने शोध घेताना एकाच स्पेलिंगवर विसंबू नये. जनगणनेच्या जुन्या सूचींसाठी ‘साउंडेक्स’ नावाची पद्धत वापरली गेली, जिच्यात पहिले अक्षर तसेच ठेवून पुढच्या व्यंजनांना अंक देतात. श्नायडर, स्नायडर आणि त्यांची सगळी भावंडे तिच्यात ‘एस 536’ या एकाच सांकेतिक क्रमांकाखाली येतात.

दप्तरांपैकी पहिले म्हणजे फिलाडेल्फियाच्या बंदरातील शपथांच्या याद्या. 1727 पासून तेथे उतरणाऱ्या परदेशी पुरुषांना राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागे. या याद्या 1934 मध्ये तीन खंडांत छापल्या गेल्या आणि त्यांतील दुसऱ्या खंडात मूळ सह्यांच्या प्रतिकृती आहेत. शपथ सोळा वर्षांवरील पुरुषांनाच असे. 1738 चा जन्म असलेला मुलगा 1749 ते 1754 या सर्वाधिक गर्दीच्या वर्षांत आला असेल तर तो यादीत बहुधा सापडणार नाही, त्याचे वडील सापडतील. तो येथेच जन्मला असण्याची शक्यताही सोडू नका. सापडलेल्या प्रत्येक श्नायडरची सही छायाचित्रित करून ठेवा आणि काउंटीच्या कचेरीतील मृत्युपत्रांवरच्या सह्यांशी ताडून पाहा. कारकुनाने वर काहीही लिहिलेले असो, खाली माणसाने स्वतःच्या हाताने जे लिहिले तेच त्याचे आडनाव. अंगठेबहाद्दरांचे मात्र नाव कारकुनानेच लिहिले आहे आणि तेथे फक्त खूण सापडेल.

या याद्यांत गाव नसते. जहाज रॉटरडॅमहून निघाले आणि इंग्लंडमधील काउझ बंदराला लागून आले, एवढेच बहुतेक वेळा कळते. गावासाठी आडनाव सोडून सोबतीच्या माणसांच्या मागे लागावे, असा माझा अनुभव आहे. त्या काळी माणसे गावकऱ्यांच्या आणि सोयऱ्यांच्या संगतीने निघत आणि येथे येऊनही एकमेकांच्या शेजारीच जमीन घेत. बाप्तिस्म्याच्या वहीत मुलाच्या धर्मपित्याचे आणि धर्ममातेचे, म्हणजे त्या विधीत मुलाची जबाबदारी घेणाऱ्या जवळच्या माणसांचे, नाव असते. त्यांच्यापैकी एखाद्याचे आडनाव दुर्मीळ निघाले तर ते जर्मनीत दोन-चार गावांतच आढळते, आणि मग त्या गावांच्या चर्चच्या वह्यांत आपला श्नायडर शोधायचा. पेनसिल्व्हेनियात लुथरन आणि रिफॉर्म्ड या दोन पंथांची मंडळी पुष्कळदा एकच इमारत आळीपाळीने वापरीत, पण वह्या वेगळ्या ठेवीत, म्हणून दोन्ही पाहाव्यात. त्यांची लिपी आपल्या मोडीसारखी आहे. सवय झाल्याशिवाय एक ओळ लागत नाही.

आणि आपण महसूल खात्यातल्या आहात म्हणून एक खास गोष्ट. नैर्ऋत्य जर्मनीतील अनेक संस्थानांत रयत ही राजाची बांधील असे. देश सोडायचा तर मुक्ततेची फी भरावी लागे आणि बरोबर नेत असलेल्या मालमत्तेचा साधारण दहावा हिस्सा सरकारजमा करावा लागे. त्याची नोंद कारकुनाने घेतलेली आहे आणि पुष्कळ ठिकाणी ‘पेनसिल्व्हेनियास जाणार’ असेही लिहिले आहे. आडनाव, गाव, कुटुंबातील माणसे आणि मालमत्तेची किंमत, हे सर्व एकाच ओळीत सापडते.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. शेवटचा परिच्छेद मी तीन वेळा वाचला. ज्या कारकुनाला व्याही दोष देत होते, त्याच्याच जातकुळीच्या कोणीतरी अडीचशे वर्षांपूर्वी हे कुटुंब वसुलीसाठी का होईना, पण नोंदवून ठेवले असेल, ही कल्पना मला फार आवडली.

आपण सांगितल्याप्रमाणे जावयांनी चर्चच्या दोन्ही पंथांच्या वह्यांच्या प्रती मिळवल्या. रिफॉर्म्ड पंथाच्या वहीत 1760 ते 1780 या काळात आमच्या श्नायडरांच्या पाच मुलांचे बाप्तिस्मे मिळाले आणि त्यांपैकी तिघांचे धर्मपिता एकच गृहस्थ आहेत. त्यांचे आडनाव श्नायडरही नाही आणि म्युलरही नाही, पण शाई पसरल्यामुळे पहिले अक्षर ‘बी’ आहे की ‘व्ही’ हे ठरत नाही. तिन्ही नोंदींत ते अक्षर निरनिराळ्या वळणाने काढलेले दिसते.

दगडाच्या खालच्या दोन ओळींसाठी माती बाजूला करायची आहे. त्याला चर्चच्या विश्वस्तांची परवानगी लागते आणि ती लेखी मागितली आहे. परवानगी आली की जावई सायंकाळच्या उन्हात छायाचित्र काढून पाठवतील. ते छायाचित्र आणि वहीतील त्या तीन नोंदी मी याच धाग्यावर देईन. जुनी जर्मन लिपी वाचणारे कोणी येथे असतील तर त्यांनी कृपया आपला होकार कळवून ठेवावा.