संपादकीय दुरुस्तीलाही दुसरी मंजुरी हवी का?

अर्धविराम (मूळ प्रस्ताव):
आपल्या मुक्त तांत्रिक विनिर्देशात (सॉफ्टवेअरने कसे वागावे हे सांगणाऱ्या खुल्या दस्तऐवजात) आशय बदलणाऱ्या पुल रिक्वेस्टला (बदलाच्या प्रस्तावाला) दोन समीक्षकांची मंजुरी लागते, मात्र 'संपादकीय' असे लेबल लावलेली दुरुस्ती संपादक एकटाच मर्ज करू शकतो, म्हणजे मूळ मजकुरात सामील करू शकतो. ही सवलत काढून टाकावी, असे माझे म्हणणे आहे. 'मूल्य ० पासून २५५ पर्यंत, दोन्ही धरून' हे बोजड वाक्य कोणीतरी 'मूल्य ० आणि २५५ च्या दरम्यान' असे सुटसुटीत केले. वाक्य सुधारले खरे, पण टोकाचे अंक आत धरायचे की बाहेर, हे वाचणाऱ्याच्या मर्जीवर गेले. एका अंमलबजावणीने (विनिर्देश वाचून लिहिलेल्या सॉफ्टवेअरने) २५५ स्वीकारला, दुसरीने नाकारला, आणि मजकुरावर बोट ठेवून दोघांनाही आपण बरोबर असल्याचे दाखवता आले. बदल संपादकीय आहे की नाही, हे ज्याने तो केला त्यानेच ठरवायचे, ही या नियमातली खरी खोट आहे.

जुना संपादक:
दुखणे मान्य, औषध अमान्य. एका स्वल्पविरामासाठी दोघांची वाट पाहावी लागली, तर पहिल्यांदा गळतात ते स्वल्पविराम दुरुस्त करणारे, आणि नवा माणूस बहुधा त्याच दाराने आत येतो. शिवाय सह्या वाढल्या म्हणून वाचन वाढत नाही. कामाचा ढीग साचला की 'ठीक दिसते' असे लिहून पुढे जाणारे मी पाहिले आहेत (आणि त्यांत मीही होतो, हे लपवत नाही). आयईटीएफ या इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या संस्थेत प्रकाशित झालेली आरएफसी (तिथला क्रमांकित दस्तऐवज) बदलली जात नाही, चुका वेगळ्या इराटा (शुद्धिपत्र) नोंदींत जातात. तिथे प्रत्येक दुरुस्ती सावकाश तपासणे परवडते. आपला मजकूर रोज बदलतो.

चाचणीपक्ष:
रोज बदलणारा मजकूर ही सबब पुरेशी नाही. डब्ल्यूएचएटीडब्ल्यूजी हा वेब मानकांचा गट एचटीएमएलचे (वेबपाने लिहिण्याच्या भाषेचे) असेच सतत बदलणारे मानक सांभाळतो, आणि तिथे आशयात्मक बदलासाठी निदान दोन अंमलबजावणीकर्त्यांचा पाठिंबा व सोबत चाचण्या अपेक्षित असतात. आयईटीएफनेही १९९६ च्या आरएफसी २०२६ मध्ये 'ड्राफ्ट स्टँडर्ड' या, मानक होण्याच्या वाटेवरच्या, पायरीसाठी दोन स्वतंत्र आणि एकमेकींशी जुळणाऱ्या अंमलबजावण्या मागितल्या होत्या. तुम्ही दोघे डोकी मोजत आहात. २५५ पाठवून पाहणारी एक चाचणी असती, तर हा वाद त्याच दिवशी उघड झाला असता.

अर्धविराम:
उघड झाला असता, सुटला नसता. चाचणी मजकूर वाचूनच लिहिली जाते. मजकूर संदिग्ध असेल तर चाचणी लिहिणाऱ्याला जो अर्थ लागला तोच नियम होऊन बसतो, आणि त्याला मंजुरी कोणीच दिलेली नसते.

जुना संपादक:
मग लेबल लावण्याचे स्वातंत्र्यच आवळू. १९९७ च्या आरएफसी २११९ ने 'मस्ट' (केलेच पाहिजे), 'शुड' (करावे), 'मे' (केले तरी चालेल) यांसारख्या इंग्रजी शब्दांचे अर्थ नेमून दिले आणि आपला विनिर्देशही तेच अर्थ पाळतो. ज्या वाक्यात असा शब्द, एखादा अंक किंवा मर्यादा आहे, त्या वाक्यातली कोणतीही दुरुस्ती संपादकीय मानू नये. बाकीच्या दुरुस्त्यांवरचे लेबल कोणाही सहभागीला कारण देऊन काढता यावे, आणि ते निघाले की दोन मंजुऱ्या आपोआप लागू व्हाव्यात. असा नियम असता, तर 'दरम्यान' पहिल्याच पायरीवर अडकला असता.

अर्धविराम:
हे मला चालेल, पण लेबल काढायला ते आधी कोणाच्या तरी नजरेस पडावे लागेल. सध्या संपादकीय दुरुस्ती दहा मिनिटांत मर्ज होते. ती निदान तीन दिवस खुली ठेवावी.

चाचणीपक्ष:
माझी हरकत कायम आहे, तरी तीन दिवसांना विरोध नाही. मात्र त्या मुदतीत कोणी काहीच बोलले नाही, तर नोंदीत 'सहमती' लिहू नये, 'हरकत आली नाही' असे लिहावे.

जुना संपादक:
नोंदीचे शब्द मान्य. तुटलेले दुवे आणि शुद्धलेखन यांना तेवढा एकच दिवस ठेवा.