गाडी चोरीला जाऊन सात महिने झाले: पोलिसांची ‘अ समरी’ (चोर सापडला नाही असा अहवाल) येईपर्यंत विमा कंपनीने क्लेम अडवून धरणं योग्य आहे का?

चिंचवडकर
जूनमध्ये आमची गाडी सोसायटीच्या फाटकाबाहेरून चोरीला गेली. पहाटे पाचला आईला डायलिसिसला न्यायला खाली उतरलो. रात्रभर पाऊस होता, तरी गाडी उभी होती तेवढा चौकोन अजून पुरता भिजला नव्हता. म्हणजे नुकतीच नेली होती. त्याच सकाळी एफआयआर केला, दुपारी कंपनीला कळवलं. आठवड्याच्या आत दोन्ही किल्ल्या, आरसी, आरटीओला दिलेल्या पत्राची पोच जमा केली. आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, 6 लाख 20 हजार.

आज जानेवारी संपत आला, तरी कंपनीचं एकच उत्तर: पोलिसांची अ समरी आणा. ठाण्यात जावं तर तपासी अंमलदार कधी गणपतीच्या बंदोबस्ताला, कधी कोर्टात. दिवाळीनंतर त्यांची बदलीच झाली. नव्या साहेबांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. इकडे गाडी नसताना 11,400 चा कर्जाचा हप्ता दर पाच तारखेला जातोय, वर आईसाठी आठवड्यातून तीनदा रिक्षा.

पोलिसांच्या दिरंगाईचा भुर्दंड विमेदाराने का सोसायचा? विमा नियामक आयआरडीएआयच्या जून 2024 च्या परिपत्रकात तर कागद नाही म्हणून दावा नाकारू नका असं म्हटलंय.

क्लेमवाले_काका
तुमचा त्रास खरा आहे. पण मी आयुष्य क्लेम विभागात काढलं, म्हणून दुसरी बाजू मांडतो. तुम्ही म्हणता त्याच परिपत्रकात कोणते कागद मागता येतात तेही दिलंय, आणि त्यात एफआयआरबरोबर तपास न लागल्याचा पोलीस अहवालही आहे. कंपनीने तुमचा दावा नाकारलेला नाही, कागद मागितलाय.

आणि तो कागद नुसता सोपस्कार नाही. अ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण चोर सापडला नाही. ब समरी म्हणजे तक्रारच खोटी. गाडी परस्पर विकून चोरीचा एफआयआर करणारे मी पाहिलेत. एकाची दुसरी किल्ली खरेदीदाराकडेच निघाली. असे पैसे दिले तर ते सगळ्यांच्या प्रीमियममधून जातात. शिवाय पैसे दिल्यावर गाडीवरचा हक्क कंपनीकडे जातो. उद्या गाडी सापडली तर वाद नको, म्हणून थांबावं लागतं.

चिंचवडकर
काका, खोटे दावे होतात हे मान्य. पण कंपनीचा इन्व्हेस्टिगेटर जुलैतच येऊन गेला. वॉचमनचा जबाब घेतला, समोरच्या मेडिकलचं सीसीटीव्ही पाहिलं, दोन्ही किल्ल्या तपासायला नेल्या. त्याला काही खोट सापडली असती तर एव्हाना मला पत्र आलं असतं. मग आता नेमकं कशासाठी थांबलेत? आणि तो अहवाल मी एकट्याने का आणायचा? कंपनीकडे वकील आहेत, माणसं आहेत. त्यांनी ठाण्याला एक पत्र तरी लिहिलंय का? मी विचारलं, उत्तर नाही.

नाशिकची_मेघा
दादा, मी तर म्हणते हप्ता भरणंच बंद करा. नसलेल्या गाडीचे पैसे कसले भरायचे?

साताऱ्याचा_वकील
मेघाताई, हा सल्ला कृपया कुणी ऐकू नका. कर्ज बँकेचं आहे, बँकेचा चोरीशी संबंध नाही. हप्ता चुकला की सिबिल बिघडणार, आणि क्लेममधून बँकेची बाकी आधी वळती होते ती दंडासकट होईल.

काकांचं एक पटत नाही. कागद मागणं वेगळं आणि सात महिने गप्प बसणं वेगळं. त्यांनी लेखी सांगावं: तपास पूर्ण आहे की नाही, आणखी काय बाकी आहे.

चिंचवडकर, ठाण्यात नुसत्या चकरा मारू नका. वरिष्ठ निरीक्षकांना लेखी अर्ज द्या, प्रत एसीपींना. समरी कोर्टात दाखल झाली की मंजुरीच्या आदेशाची नक्कल मागा, बऱ्याच कंपन्या तीच मागतात. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला वेगळं पत्र द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही तर विमा लोकपाल, पुण्यातच कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचं प्रकरण चालतं. मात्र ग्राहक आयोगात आधी गेलात तर त्याच दाव्यासाठी लोकपालांकडे जाता येत नाही. मध्येच ‘75 टक्के घ्या, विषय संपवा’ असा फोन आला तर सही करू नका. अशी कपात पॉलिसीची अट मोडली असेल तर करतात, आणि तुमच्याकडून कोणतीही अट मोडलेली नाही.

उशीर_झालेला
आम्ही कंपनीला वीस दिवस उशिरा कळवलं, एफआयआर मात्र त्याच दिवशीचा. आमचा दावा तेवढ्यावरून फेटाळला. आता काही होईल का?

साताऱ्याचा_वकील
नक्की लढा. एफआयआर लगेच झाला असेल तर कंपनीला उशिरा कळवलं एवढ्यावरून खरा दावा फेटाळता येत नाही. 24 जानेवारी 2020 चा सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींचा निकाल आहे. आयोगाची मुदत 2 वर्षं, ती चुकवू नका.

क्लेमवाले_काका
अहवालाशिवाय पैसे द्यावेत हे मला अजूनही मान्य नाही. पण इन्व्हेस्टिगेटर जुलैत येऊन गेला असेल आणि त्यानंतर एकही पत्र नसेल, तर ती फाइल कुणाच्या तरी टेबलावर नुसती पडून आहे. चिंचवडकर, पत्रात तो आलेली तारीख घाला आणि त्याच्या अहवालाची प्रत मागा. त्या मागणीला उत्तर द्यायचं तर कुणाला तरी फाइल उघडावीच लागेल.

चिंचवडकर
तारीख आहे, त्याने वॉचमनच्या वहीत सही केली होती. वहीच्या त्या पानाचा फोटो जोडतो. सोमवारी पत्र हातोहात देऊन पोच घेतो.