लिनक्स डेस्कटॉप: लॅन ९४ एमबीपीएसवर अडकते, वायफाय तुटते, व्हीपीएन लटकतो. दोष नक्की कुठे?

मिंट_वापरकर्ता

नमस्कार मंडळी. असेम्बल केलेला डेस्कटॉप आहे. त्यावर लिनक्स मिंट २२, कर्नल (लिनक्सचा गाभा) ६.८. मदरबोर्डवरचे लॅन पोर्ट रियलटेकच्या आरटीएल८१११ चिपचे, ड्रायव्हर आर८१६९. राउटर हॉलमध्ये आहे. तिथून साधारण वीस मीटर कॅट ५ई केबल खिडकीच्या चौकटीतून आतल्या खोलीत आणली आहे, दोन्ही टोकांचे आरजे४५ कनेक्टर हाताने क्रिम्प केलेले. त्याशिवाय एक यूएसबी वायफाय डाँगल कायम लावलेला असतो. एलएसयूएसबी या यूएसबी उपकरणांची यादी देणाऱ्या कमांडमध्ये त्याचा आयडी ०बीडीए:सी८११ असा दिसतो.

अडचणी अशा:

प्लॅन ३०० एमबीपीएसचा, पण स्पीड टेस्ट ९४ च्या वर जात नाही. केबलसोबत वायफाय जोडले तरी आकडा तोच. त्याच राउटरवर मोबाइलला मात्र वायफायवरून २८० पर्यंत मिळतात.

व्हिडिओ मीटिंग मधेच गोठते आणि थोड्या वेळाने पुन्हा जोडावी लागते. पॅनेलवरचे चिन्ह त्या वेळीही 'जोडलेले'च दाखवते.

केबल काढून फक्त वायफायवर काम केले, तर एक्स्टर्नल एसएसडीवर बॅकअप सुरू होताच २.४ गिगाहर्ट्झचा वेग जवळपास शून्यावर येतो. ५ गिगाहर्ट्झचे नाव कधी दिसते, कधी यादीतून गायब.

ऑफिसचा वायरगार्ड व्हीपीएन जोडला जातो, पिंगही जातो, पण आतली पाने अर्धी लोड होऊन लटकतात.

इथटूल या लॅन तपासणाऱ्या कमांडमध्ये स्पीड १०० एमबी, डुप्लेक्स फुल (दोन्ही दिशांना एकाच वेळी व्यवहार) आणि लिंक डिटेक्टेड 'येस' आहे. समोरच्या टोकाच्या यादीत १०००बेसटी फुल, म्हणजे गिगाबिटसुद्धा दिसते. बऱ्याच ठिकाणी आर८१६९ काढून आर८१६८ ड्रायव्हर टाका असा सल्ला वाचला. टाकू का?

तांब्याची_तार

ड्रायव्हरला तूर्त हात लावू नका. आरटीएल८१११ ला कर्नलमधला आर८१६९ नीट चालवतो. आर८१६८ डीकेएमएसमधून (कर्नलबाहेरचे ड्रायव्हर बांधणारी यंत्रणा) येतो, म्हणजे दर कर्नल अपडेटला तो पुन्हा बांधला जाणार, सिक्युअर बूट (फक्त सही असलेले सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असेल तर त्यावर सहीची किल्ली नोंदवावी लागणार, आणि एखाद्या अपडेटला बांधणी फसली की लॅनच नाही. एवढे करून तारेतला दोष तसाच राहील.

तुम्ही दिलेल्या माहितीतच उत्तर आहे. राउटर १००० देतो म्हणतोय, तुमचे कार्डही १००० देते, तरी लिंक १०० वर बसते. १०० एमबीपीएसला केबलमधल्या चारपैकी दोनच जोड्या लागतात, पिन १-२ आणि ३-६. गिगाबिटला चारही. वेग ठरवण्याची बोलणी मात्र त्याच पहिल्या दोन जोड्यांवरून होतात. त्यामुळे दोन्ही टोके आधी १००० वर राजी होतात, मग चारही जोड्यांवर लिंक उभी करताना अपयश येते आणि चिप स्वतःहून १०० वर उतरते. ९४ हा १०० एमबीपीएस लिंकवर टीसीपीला मिळणारा नेहमीचा आकडा आहे. धड गिगाबिटवर तो ९४० च्या आसपास असतो.

खात्री करण्यासाठी ही कमांड द्या (इथे देवनागरीत लिहितो आहे, टर्मिनलमध्ये नेहमीच्या रोमन स्पेलिंगने टाका):

सुडो डीमेसेज | ग्रेप डॅश आय डाउनशिफ्ट

'डाउनशिफ्ट अकर्ड … चेक केबलिंग' अशी ओळ आली तर कर्नलनेच निदान केले म्हणायचे. पाठोपाठ:

सुडो इथटूल डॅश कॅपिटल एस ईएनपी३एस०

यात अलाइन एरर्स आणि आरएक्स एरर्स पाहा. इंटरफेसचे नाव तुमच्याकडे वेगळे असेल, आयपी लिंकमध्ये ते दिसेल. आकडे टिपून ठेवा, एखादी मोठी फाइल उतरवा आणि पुन्हा पाहा. सुस्थितीतल्या केबलवर ते शून्य असतात, निदान वाढत तरी नाहीत.

आता केबल. टी५६८बीचा (तारांच्या रंगांचा प्रमाणित) क्रम, कनेक्टरची खिटी मागच्या बाजूला, पिन आपल्याकडे आणि केबल खाली धरून डावीकडून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मधोमध निळी जोडी येते, आणि घोळ नेमका इथे होतो. रंग 'ओळीने' लावले, म्हणजे तिसऱ्या-चौथ्यावर हिरवी जोडी आणि पाचव्या-सहाव्यावर निळी, तर दोन्ही टोकांना तोच क्रम असल्याने दिव्यांचा स्वस्त टेस्टर आठही दिवे लावतो. पण पिन ३ आणि ६ वर दोन वेगवेगळ्या जोड्यांच्या तारा येतात. एकाच जोडीच्या तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात म्हणूनच बाहेरचा गोंगाट कापला जातो. जोडी फुटली की तो फायदा गेला. अशी केबल १०० वर कशीबशी चालते, १००० वर उभी राहत नाही.

क्रिम्प करताना पीळ कनेक्टरपासून १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका. बाहेरचे आवरण कनेक्टरच्या आतल्या दाबपट्टीखाली आले पाहिजे, नाहीतर ओढ थेट तारांवर पडते. खिडकीच्या चौकटीत केबल चेपली जात नाही ना, तेही पाहा. वळणाची त्रिज्या केबलच्या जाडीच्या चौपट तरी हवी, म्हणजे कॅट ५ईला सुमारे अडीच सेंटीमीटर. नवी घेणार असाल तर शुद्ध तांब्याची मागा. बाजारात सीसीए नावाने, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल बरीच विकली जाते. ती वाकवली की आत तुटते आणि तिचा रोधही जास्त असतो.

एक गोष्ट कृपया टाळा. इथटूलने ऑटो-निगोसिएशन (दोन टोकांनी वेग आपसात ठरवणे) बंद करून वेग ठोकून बसवू नका. तांब्यावरच्या गिगाबिटला ऑटो-निगोसिएशन सक्तीचे आहे. एका टोकाला १०० फुल ठोकले तर दुसऱ्या टोकाला डुप्लेक्स कळत नाही, ते हाफवर जाते, आणि मग टक्करींमुळे वेग आणखी घसरतो.

पॅकेट_शोधक

वर केबलचे सगळे आले आहे. वायफाय जोडूनही ९४ च का आणि मीटिंग का गोठते, ते सांगतो.

व्यवहाराच्या वाटा दाखवणारी 'आयपी रूट' कमांड चालवा. डिफॉल्टने सुरू होणाऱ्या दोन ओळी दिसतील, एक केबलची मेट्रिक (वाटेचा पसंतीक्रम) १०० असलेली आणि एक वायफायची मेट्रिक ६००. हे नेटवर्क मॅनेजरचे ठरलेले आकडे आहेत आणि लहान मेट्रिक जिंकते. म्हणजे केबल लागलेली असेपर्यंत इंटरनेटचा सारा व्यवहार केबलवरून, वायफाय कितीही वेगवान असो. दोन वेगांची बेरीज होत नाही. तुमच्या स्पीड टेस्टने दोन्ही वेळा केबलच मोजली.

खराब केबलची लिंक काही सेकंद पडली की केबलची ओळ रूटमधून निघून जाते, व्यवहार वायफायवर सरकतो, आणि लिंक आली की परत केबलवर. दर वेळी बाहेर जाणारा आयपी बदलतो आणि जुन्या आयपीवर उघडलेली टीसीपी जोडणी अधांतरी राहते. पॅनेलला मात्र काही ना काही जोडलेले दिसतच असते. तपासायला:

जर्नलसीटीएल डॅश के डॅश बी | ग्रेप डॅश आय 'लिंक इज'

'लिंक इज डाउन' आणि 'लिंक इज अप' अशा जोडीच्या ओळी मीटिंग गोठल्याच्या वेळांशी जुळतात का ते पाहा. जुळल्या तर मीटिंगचे कारणही केबलच.

केबल दुरुस्त होईपर्यंत वायफायला पसंती द्यायची असेल तर त्या जोडणीची मेट्रिक ५० करा:

एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय 'वायफायचे नाव' आयपीव्ही४.रूट-मेट्रिक ५०

आयपीव्ही६.रूट-मेट्रिकसाठी हेच पुन्हा करा, नाहीतर आयपीव्ही६ चा व्यवहार केबलवरूनच चालू राहील. मग एनएमसीएलआय कनेक्शन अप देऊन जोडणी पुन्हा उठवा. दुरुस्तीनंतर दोन्ही आकडे उणे १ केले की मूळ वागणूक परत येते. फक्त एकाच वाटेची चाचणी घ्यायची तर पिंग डॅश कॅपिटल आय आणि पुढे इंटरफेसचे नाव.

वायरगार्डचा दोष वेगळा आहे, त्याचा केबलशी संबंध नाही. पिंग जातो आणि पाने लटकतात, म्हणजे लहान पॅकेट पार होतात आणि मोठी वाटेत हरवतात. आपल्याकडे अनेक फायबर जोडण्या पीपीपीओईवर (इंटरनेट कंपनीकडे लॉगिन करून जोडण्याची पद्धत) चालतात. तिचे ८ बाइट वजा जाता एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १५०० ऐवजी १४९२ उरतो. वायरगार्ड सहसा १४२० एमटीयू घेतो आणि वर स्वतःचा बोजा चढवतो: आयपीव्ही४ वर ६० बाइट, आयपीव्ही६ वर ८०. पहिल्या बाबतीत १४८०, ते मावते. दुसऱ्यात पुरे १५००, ते १४९२ मधून जात नाही. आयपीव्ही६ मध्ये वाटेतला राउटर पॅकेट तोडत नाही, 'पॅकेट मोठे आहे' असा निरोप परत पाठवतो. तो निरोप कुणी फायरवॉलने अडवला की पाठवणाऱ्याला काहीच कळत नाही.

म्हणून आधी सुडो डब्ल्यूजी शोमध्ये एंडपॉइंटचा (व्हीपीएन सर्व्हरचा) पत्ता पाहा. तो आयपीव्ही६ असेल तर व्हीपीएन बंद ठेवून बाहेरच्या एखाद्या आयपीव्ही६ साइटला:

पिंग डॅश ६ डॅश कॅपिटल एम डू डॅश एस १४४४
पिंग डॅश ६ डॅश कॅपिटल एम डू डॅश एस १४५२

४० बाइटचे हेडर आणि ८ बाइट आयसीएमपी धरून पहिले १४९२ होते, दुसरे १५००. पहिले गेले आणि दुसरे अडले तर वायरगार्डचा एमटीयू १४१२ करा. नेटवर्क मॅनेजरमध्ये जोडणी असेल तर वायरगार्ड.एमटीयू १४१२, डब्ल्यूजी-क्विक वापरत असाल तर फाइलच्या इंटरफेस भागात एमटीयू = १४१२ ही ओळ.

पाचगिगा

डाँगलबद्दल. ०बीडीए:सी८११ हा आरटीएल८८११सीयू. कर्नल ६.२ पासून आरटीडब्ल्यू८८ या कर्नलमधल्या ड्रायव्हरमध्ये त्याचा आधार आहे, तेव्हा बाहेरून ड्रायव्हर बांधायची गरज नाही. आधी कधी बांधून ठेवला असेल तर डीकेएमएस स्टेटसमध्ये दिसेल, तो काढा. दोन ड्रायव्हर एकाच उपकरणावर हक्क सांगायला लागले की वागणूक दर बूटला बदलते. आणि कधी हाच डाँगल ०बीडीए:१ए२बी असा दिसला, तर तो सीडी-रॉमच्या अवतारात अडकलेला असतो. यूएसबी-मोडस्विच पॅकेज टाका, किंवा फाइल मॅनेजरमधून ती 'सीडी' इजेक्ट करा.

बॅकअप सुरू होताच २.४ बसते, याचे कारण यूएसबी ३. तिच्या ५ गिगाबिट संकेतांचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण काढले होते. एसएसडी निळ्या पोर्टमध्ये आणि डाँगल शेजारी असेल तर रिसीव्हर बहिरा होतो. एक मीटरची यूएसबी २ एक्स्टेन्शन केबल घ्या, डाँगल काळ्या पोर्टमधून टेबलावर आणा. कॅबिनेटच्या मागे, भिंतीकडे तोंड करून बसलेल्या डाँगलला पत्र्याची आडही लागते. आधी आणि नंतर आयडब्ल्यू डेव्ह … लिंक चालवून सिग्नल पाहा. उणे ६५ डीबीएम किंवा त्याहून बरा असेल तर ठीक, उणे ७५ च्या खाली सगळेच डळमळीत.

५ गिगाहर्ट्झचे नाव गायब होते ते बहुधा राउटर 'ऑटो' चॅनेलवर असल्यामुळे. चॅनेल ५२ ते १४४ रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. तिथे प्रक्षेपण सुरू करण्याआधी राउटरने किमान ६० सेकंद गप्प राहून ऐकायचे, आणि रडारची चाहूल लागली की चॅनेल सोडायचा असा नियम आहे. राउटरमध्ये चॅनेल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ पैकी एक पक्का करा. भारतात दोन्ही गट खुले आहेत. आयडब्ल्यू रेग गेटमध्ये देश ००च्या जागी आयएन दिसतो का, तेही पाहा. ०० म्हणजे 'देश माहीत नाही' आणि त्या स्थितीत बरेच चॅनेल फक्त ऐकण्यापुरते मिळतात.

शेवटी पॉवर सेव्ह. आयडब्ल्यू डेव्ह … गेट पॉवर_सेव्ह 'ऑन' म्हणत असेल तर डेस्कटॉपवर त्याचा काही उपयोग नाही:

एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय 'वायफायचे नाव' वायफाय.पॉवरसेव्ह २

इथे २ म्हणजे बंद, ३ म्हणजे चालू.

मिंट_वापरकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. डाउनशिफ्टची ओळ आली, अलाइन एरर्सही वाढत होते, आणि 'लिंक इज डाउन'च्या वेळा मीटिंगशी जुळल्या. टेस्टर आठही दिवे लावत होता, पण रंग पाहिले तर तिसरा-चौथा हिरवे आणि पाचवा-सहावा निळे, दोन्ही टोकांना. नव्या कनेक्टरने टी५६८बी केल्यावर स्पीड १००० आणि स्पीड टेस्ट प्लॅनइतकी. एंडपॉइंट आयपीव्ही६ होता. १४४४ गेले, १४५२ ला उत्तरच नाही. १४१२ केल्यावर पाने पूर्ण उघडतात. राउटर चॅनेल १०० वर होता, ३६ वर आणला. एक्स्टेन्शन केबल अजून आणायची आहे.

आता केबल चौकटीतून चेपली जाते त्या जागी काही दोष उरला आहे का, हे कसे पाहू?

तांब्याची_तार

राउटरला लॅन केबलने जोडलेले दुसरे गिगाबिट मशीन घ्या. तिथे आयपर्फ३ (दोन मशीनमधला वेग मोजणारी कमांड) डॅश एस, तुमच्याकडे आयपर्फ३ डॅश सी आणि त्याचा आयपी, डॅश टी ३००. मग शेवटी डॅश कॅपिटल आर जोडून उलट दिशेनेही तेवढाच वेळ. चाचणी चालू असताना खिडकी उघडझाप करा. दोन्ही दिशांना ९४० च्या आसपास टिकले, अलाइन एरर्स हलले नाहीत आणि जर्नलमध्ये नवी 'लिंक इज डाउन' आली नाही तर केबल राहू द्या. एका दिशेचा आकडा घसरला किंवा खिडकी लावताना लिंक पडली, तर चौकटीत तार दुखावलेली आहे. मधे जोड मारू नका. पूर्ण लांबीची नवी केबल, भिंतीला छिद्र पाडून पाइपातून ओढा.