२६ दिवस झाले, पेशंटला घरी जायचंय, भाऊ सही देत नाही. मंडळाकडे कसं जायचं?

प्रश्न (हिंगोली)
गावातल्या एका बाईंना भावाने खाजगी मनोरुग्णालयात भरती केलं, आज २६ दिवस झाले. बाई आता नीट बोलतात, घरी जायचं म्हणतात. दवाखान्यातले म्हणतात, भावाची सही आणा. मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे, म्हणजे अशा भरतीच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाकडे, अर्ज करता येतो म्हणे. त्याचे प्रमुख जिल्हाधिकारी असतात का?

परभणीहून
आधी केसपेपर बघा, भरती कोणत्या कलमाखाली आहे ते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ मधल्या कलम ८६ खाली, म्हणजे स्वतःच्या इच्छेने असेल, तर भावाच्या सहीचा संबंधच नाही. सुट्टी मागितली की द्यावी लागते. कलम ८८ मधली धोक्याची लक्षणं दिसली तरच तपासणीसाठी थांबवता येतं, तेही २४ तास.

कलम ८९, म्हणजे पेशंटच्या प्रतिनिधीच्या अर्जावरून झालेली भरती असेल, तर मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. भरतीच्या दिवशी किंवा आधीच्या ७ दिवसांत दोघांनी वेगवेगळं तपासलेलं हवं, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ. बाईमाणूस असल्याने मंडळाला ३ दिवसांत कळवायला हवं होतं. त्या पत्राची पोच मागा. बऱ्याच ठिकाणी गाडी इथंच अडते: पत्रच जात नाही, मग मंडळाला पेशंट आहे हेच माहीत नसतं.

लातूरहून
प्रमुख जिल्हाधिकारी नसतात. अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश, त्या पदाला पात्र न्यायिक अधिकारी किंवा निवृत्त जिल्हा न्यायाधीश. जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी फक्त एक सदस्य. सोबत एक मनोविकारतज्ज्ञ, एक डॉक्टर, आणि दोघे स्वतः मानसिक आजार अनुभवलेले, काळजीवाहक किंवा त्यांच्या संस्थेचे. गणपूर्ती ३ सदस्यांची, मतं समान पडली तर अध्यक्षांचं निर्णायक मत. अध्यक्षांनी बैठक वेळेवर लावणं फार महत्त्वाचं. इथं तारखांवर तारखा चालत नाहीत: ८९ खालच्या भरतीला आव्हान दिलं की ७ दिवसांत निकाल द्यायचा असतो.

अर्ज बाईंनी स्वतः करावा. फी नाही. नाव, संपर्क, दवाखाना, तक्रार, काय हवंय, एवढं पुरे. लिहिणं जमत नसेल तर अपवाद म्हणून तोंडी किंवा फोनवरही मंडळ ऐकून घेऊ शकतं. मंडळाचा पत्ता आणि फुकट वकील दोन्हींसाठी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० ला फोन करा.

प्रश्न (हिंगोली)
भाऊच नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे बाईंना उपचाराच्या निर्णयात मदत करणारा नेमलेला माणूस, आहे ना? मग तो अडवू शकत नाही का?

परभणीहून
बदलता येतो. साध्या कागदावर दुसऱ्या सज्ञान माणसाचं नाव, बाईंची सही किंवा अंगठा, आणि त्या माणसाची संमती. बाँडपेपर लागत नाही. तरीही बाईंच्या स्वतःच्या अर्जाला कुणाच्याच सहीची गरज नाही.

३० दिवसांपुढे ठेवायचं झालं तर कलम ९०: दोन मनोविकारतज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी, मंडळाला ७ दिवसांत कळवणं, आणि मंडळाने २१ दिवसांत परवानगी देणं किंवा सुट्टीचा आदेश करणं. ही वाढ पहिल्यांदा ९० दिवसांपर्यंत जाते, म्हणून अर्ज आजच टाका.

लातूरहून
निकाल विरोधात गेला तर ३० दिवसांत उच्च न्यायालयात अपील, आपल्याकडे औरंगाबाद खंडपीठ. आणि घरी आल्यावर गोळ्या बंद पडू देऊ नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, १४४१६ ला, मराठीत बोलता येतं.