लिस्बन एका दिवसात: आजी-आजोबा, दोन मुलं आणि एक बाबागाडी

चिंचगुळी
आम्ही सहा जण. आम्ही दोघं, मुलं ५ आणि ११ वर्षांची, सासू-सासरे सत्तरीपुढचे. मुक्काम कास्काइसला नातेवाइकांकडे. लिस्बनसाठी मोकळा दिवस एकच, जुलैतला मंगळवार. सासरे मूळचे मडगावचे, त्यांना वास्को द गामाची कबर आणि आल्बुकेर्कचा पुतळा पाहायचाच आहे. मुलांना पिवळी ट्राम हवी. सासूबाईंचे गुडघे चढावर दुखतात. त्या शाकाहारी आहेत, अंडंही नाही.

सध्याचा बेत: सकाळी २८ नंबरची ट्राम, मग किल्ला, दुपारी बेलेम, संध्याकाळी सांता जुस्ता लिफ्ट. जमेल का? आणि तिकिटं कुठली काढायची?

पायवाट
बेत उलटा करा. कास्काइसहून लिस्बनला येणारी रेल्वे बेलेमवरूनच जाते. आधी शहरात जाऊन दुपारी परत बेलेमला यायचं म्हणजे हकनाक हेलपाटा. फक्त गर्दीच्या वेळच्या जलद गाड्या बेलेमला थांबत नाहीत, तेव्हा चढण्यापूर्वी फलकावर थांबे बघून घ्या.

बेलेम सपाट आहे, बाबागाडी आणि गुडघे दोन्हींना सोयीचं. पण सावली कमी, आणि मठाचा पांढरा चुनखडी दगड दुपारी डोळ्यांवर येतो. म्हणून सकाळी सगळ्यात आधी जेरोनिमोस मठ गाठा. तिथे दोन वेगळ्या रांगा असतात, एक चर्चची आणि एक आतल्या कमानींच्या चौकाची. चर्चला तिकीट नाही, चौकाला आहे. कबर चर्चमध्ये आहे, त्यामुळे सासऱ्यांचं काम विनातिकीट होतं. बरेच जण न विचारता लांब रांगेत उभे राहतात आणि दाराशी पोचल्यावर कळतं की ही दुसरीच. आत शिरल्या शिरल्या डावीकडे वास्को द गामा, उजवीकडे कवी कामोंइश (हा काही वर्षं गोव्यात होता). गामा १५२४ मध्ये कोचीत वारला, तिथेच पुरला गेला. अवशेष नंतर पोर्तुगालला नेले आणि या मठात १८८० मध्ये आणले. कबर त्यामुळे मठाच्या मानाने बरीच नवी आहे.

मठाचं बांधकाम सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला राजा मानुएल पहिला याने काढलं. पैसा मसाल्याच्या व्यापारावरच्या ५ टक्के करातून आला. थोडक्यात, मलबारच्या मिरीवर उभं राहिलेलं बांधकाम. आजोबांना हे सांगा, दगडावरचे कोरलेले दोरखंड बघताना मजा येईल.

चौकाचं तिकीट काढणार असाल तर वेळ ठरवून आधीच ऑनलाइन काढा. सोमवारी मठ बंद असतो, तुमचा मंगळवार ठीक आहे. पण सोमवारी हुकलेले लोकही मंगळवारीच येतात, हे धरून चाला.

खारीबिस्किट
तिकिटांबद्दल. नावेगांते नावाचं कागदी कार्ड मिळतं, ५० सेंटला. माणशी एक कार्ड. सहा जणांत दोन कार्डं फिरवता येत नाहीत. ४ वर्षांखालच्यांना तिकीट नाही, म्हणजे तुमच्या दोन्ही मुलांना कार्ड लागेल.

त्यावर एक तर पैसे भरून ठेवायचे (याला झॅपिंग म्हणतात), नाहीतर २४ तासांचा पास घालायचा. एका कार्डावर एका वेळी एकच प्रकार राहतो. पासाचेही प्रकार आहेत. साधा पास ट्राम, बस आणि मेट्रोला चालतो, कास्काइसच्या रेल्वेला नाही. रेल्वेसकटचा वेगळा आहे, यंत्रावर त्यात सीपी ही अक्षरं दिसतील. तुमच्यासाठी तो. झॅपिंगशी हिशेब फार लांब जात नाही, आणि चुकीच्या दिशेच्या ट्राममध्ये चढलात तर उतरून निवांत दुसरी पकडता येते.

पासाचे २४ तास पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून मोजतात. पास असला तरी प्रत्येक वेळी चढताना टेकवायचं. झॅपिंग घेतलंत तर रेल्वेतून उतरल्यावरही टेकवायला विसरू नका. दिवा लाल लागला तर बहुतेक वेळा कारण एकच: पाकिटात दोन कार्डं चिकटून आहेत. सहाही कार्डांवर पेनाने नावं घाला.

यंत्रावर 'पगार' असं लिहिलेलं दिसेल. तेच दाबायचं, म्हणजे पैसे भरायचे. आपला पगार इथूनच आला, तसेच बटाटा, साबण, चावी, पाव, काजू. थोरल्याला पाट्यांवर हे शब्द शोधायला लावा, रांगेत वेळ जातो. मात्र दारावरच्या पाटीचा उच्चार 'पुश' असा झाला तर ते दार ओढायचं असतं.

पायवाट
बेलेमचं उरलेलं. मठासमोरची बाग ओलांडली की नदीकाठी दर्यावर्दींचं स्मारक आहे, पण मध्ये मोठा रस्ता आणि रेल्वे. ओलांडायला भुयारी मार्ग आहे. तो न सापडल्यामुळे लोक उन्हात लांबून वळसा घालतात. त्याला पायऱ्या आहेत, बाबागाडी उचलावी लागेल. स्मारकाच्या पायथ्याशी फरशीत ५० मीटर व्यासाचं होकायंत्र आहे आणि मधोमध जगाचा नकाशा, जहाजांच्या मार्गांसकट. मुलं त्यावरून आफ्रिकेला वळसा घालत हिंदुस्थानापर्यंत पळतात. ही मौज फुकट आहे.

बेलेमचा मनोरा बाहेरूनच बघा. आत वर जायला एकच अरुंद गोल जिना, त्यावरूनच चढणारे आणि त्यावरूनच उतरणारे. सासूबाईंना तो नकोच. त्याऐवजी शाही बग्ग्यांचं संग्रहालय घ्या. नवी इमारत २०१५ ची, लिफ्ट आहे, बसायला जागा आहे. त्याच्या जवळच, राष्ट्राध्यक्षांच्या गुलाबी वाड्यासमोरच्या चौकात उंच खांबावर आल्बुकेर्क उभा आहे. १५१० मध्ये आदिलशहाकडून गोवा घेणारा तोच.

नदीकाठ
खाण्याबद्दल, कारण खरी फजिती इथे होते.

बेलेमचं ते प्रसिद्ध पेस्ट्रीचं दुकान १८३७ पासूनचं. बाहेरची रांग बांधून नेणाऱ्यांची. आत शेकडो लोकांना बसायची सोय आहे आणि ती रांग पुष्कळदा लवकर सरकते. तिथे स्वच्छतागृहही मिळतं. पण तिथल्या प्रसिद्ध टार्टच्या सारणात अंड्याचा बलक असतो, म्हणजे सासूबाईंना बाद.

काचेच्या कपाटात सामोसे दिसतील, नाव शामुसा. आपला म्हणून उचलू नका, आत बहुधा गोमांस किंवा चिकन असतं. हिरवं काल्दू व्हेर्द सूप शाकाहारी वाटतं, त्यात सॉसेजची चकती टाकतात. तोश्ता मिश्ता या टोस्टमध्ये हॅम असतं. चालेल असं: सोपा द लेगुमिश (भाज्यांचं सूप, मांसाचा रस्सा नाही ना ते विचारून), चीज-पाव, ऑलिव्ह, फळं. 'सें कार्न, सें पेश, सें ओवु' म्हणजे मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही. हे कागदावर लिहून दाखवलेलं बरं. पूर्ण भारतीय जेवण हवं असेल तर मार्तीं मुनीजच्या आसपास दक्षिण आशियाई खाणावळी आणि वाणसामानाची दुकानं आहेत.

टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात. ते आतिथ्य नव्हे, त्याचे पैसे लागतात. हात लावला नाही तर लागत नाहीत. नको असेल तर लगेच परत द्या, नाहीतर मुलं पाव मोडून मोकळी होतात. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्या भरून घ्या.

डोंगरवाट
दुपारनंतरचा भाग मी सांगतो. सूत्र एकच: चढायचं वाहनाने, उतरायचं पायाने.

बेलेमहून १५ई ट्राम पकडा. ती लांब आणि आधुनिक आहे, बाबागाडी मावते. प्रासा दा फिगेराला उतरा आणि तिथूनच ७३७ नंबरची छोटी बस घ्या, ती थेट किल्ल्याच्या दाराशी सोडते. जुलैत किल्ला रात्री ९ पर्यंत उघडा असतो, म्हणून चार-पाचला पोचलात तरी चालतं. आत तटावरच्या पायऱ्यांना सगळीकडे कठडा नाही, धाकट्याचा हात सोडू नका. सासूबाईंनी तटावर न चढता खालच्या झाडीतल्या गच्चीवर बसावं, नदी तिथूनही दिसते.

उतरताना सांता लुझियाच्या सज्जावर थांबा. तिथे निळ्या टाइल्सचं एक चित्र आहे, १७५५ च्या भूकंपाआधीचा नदीकाठचा चौक. पुढे प्रत्यक्ष तिथे पोचलात की थोरल्याला फरक दिसेल. भूकंपानंतर खालचा भाग सरळ रेषांत नव्याने बांधला, तुम्ही उतरताय ती आल्फामा या जुन्या वस्तीची वाकडी गल्लीबोळं त्याआधीची.

पायात रबरी तळव्याचे बूट हवेत. फरसबंदीचे ते छोटे दगड पायांनी घासून गुळगुळीत झालेत, चपलेखाली कोरड्यातही सरकतात.

सांता जुस्ता लिफ्ट सोडा. १९०२ चं लोखंडी काम देखणं आहे, पण ते खालून दिसतंच. वरच्या शियादू भागात जायचंच असेल तर बाइशा-शियादू मेट्रो स्थानकातले सरकते जिने वापरा, एका दाराने आत आणि वरच्या दाराने बाहेर.

चिंचगुळी
मग २८ नंबरची ट्राम पूर्ण गाळायची? मुलं ऐकणार नाहीत.

डोंगरवाट
मी तर गाळेन. तीव्र चढ आणि आखूड वळणं यामुळे त्या मार्गावर जुने छोटे डबेच चालतात, जागा वीसेक. ती जिथून सुटते त्या मार्तीं मुनीजला दिवसा तासभर रांग, वर खिसेकापू.

खारीबिस्किट
गाळू नका, टोक बदला. संध्याकाळी सातनंतर दुसऱ्या टोकाहून, काम्पु द ओरीककडून चढा, तिथे रांग कमी असते. शेवटच्या थांब्यावर सगळ्यांना उतरवतात, परत बसायचं तर पुन्हा रांगेत. बाबागाडी घडी करूनच घ्यावी लागते. पाठीवरची पिशवी पोटावर घ्या, फोन आत. तिकडे जायला जमलं नाही तर कामोंइश चौकातून सुटणारी २४ई घ्या. डबा तोच पिवळा, मुलांना नंबराशी काय करायचंय.

परतीची रेल्वे काइश दु सुद्रेहून. गाड्या मध्यरात्रीनंतरही असतात आणि जुलैत उजेड नऊपर्यंत, घाई नको. संध्याकाळी नदीवरून वारा सुटतो, धाकट्याचं जाकीट वरच ठेवा.