न्यूरॉनचं (मेंदूतल्या पेशीचं) फायरिंग खरंच रँडम असतं, की आपल्याला कारण माहीत नाही म्हणून आपण रँडम म्हणतो?

तलावपाळीकर: भाचीला एमएस्सीचा अभ्यास घेताना नोट्समध्ये सरळ लिहिलेलं दिसलं, "स्पाइक ट्रेन ही पॉइसाँ प्रोसेस असते". असते?? स्पाइक म्हणजे न्यूरॉन फायर होताना येणारा विजेचा झटका, स्पाइक ट्रेन म्हणजे अशा झटक्यांची रांग. पॉइसाँ म्हणजे मागचं काहीच लक्षात नाही, आत्ता स्पाइक झाला तरी पुढच्या क्षणी शक्यता तेवढीच. पण न्यूरॉन एकदा फायर झाला की सोडियम चॅनल्स (स्पाइक घडवणारी पेशीची दारं) साधारण मिलिसेकंदभर उघडतच नाहीत, कितीही करंट द्या. ठाणे-वाशी लोकल एकीला चिकटून दुसरी येऊ शकते का, मधे सिग्नलचं अंतर लागतंच ना, तसं. आणि १९९५ मध्ये मेनेन आणि सेज्नोव्स्कीनी उंदराच्या कॉर्टेक्सच्या (मेंदूच्या बाहेरच्या थराच्या) स्लाइसमध्ये, म्हणजे कापलेल्या पातळ चकतीत, दाखवलंय की स्थिर करंट दिला तर स्पाइकच्या वेळा दर खेपेला भरकटतात, पण खालीवर होणारा करंट दर खेपेला हुबेहूब तोच दिला की स्पाइक मिलिसेकंदाच्या हिशोबात जुळतात. म्हणजे पेशी भरवशाची आहे, रँडमपणा आपल्या अज्ञानाचा.

ऐरोलीची: स्लाइसमध्ये करंट तुम्ही देताय हो, जिवंत मेंदूत तो हजारो सिनॅप्सवरून (दोन न्यूरॉनमधल्या सांध्यांवरून) येतो आणि खरी गोम तिथेच आहे. स्पाइक सिनॅप्सपर्यंत पोचला तरी कॉर्टेक्समध्ये कित्येकदा एकही व्हेसिकल (निरोप नेणाऱ्या रसायनाची पिशवी) सुटत नाही. सुटणं हीच शक्यतेची गोष्ट आहे, कात्झ वगैरे मंडळींनी बेडकाच्या स्नायूवर हे १९५० च्या दशकातच दाखवलं. मी लॅबमध्ये रेकॉर्डिंग स्पीकरवर लावून ऐकते, फोडणीत मोहरी तडतडते तसा आवाज येतो, तोच स्टिम्युलस (समोरचं चित्र) पन्नास वेळा दाखवा, पन्नास वेळा तडतड वेगळी. याला नुसतं अज्ञान कसं म्हणायचं?

घणसोलीकर: दोघंही जुन्या पॉइसाँवर भांडताय. २००८ चं पिलो आणि सहकाऱ्यांचं काम बघा, माकडाच्या रेटिनातल्या (डोळ्याच्या पडद्यातल्या) मेंदूकडे स्पाइक पाठवणाऱ्या २७ गँगलियन पेशी, मॉडेलमध्ये स्टिम्युलसचा फिल्टर (त्याचा स्पाइकवर कधी किती परिणाम ते सांगणारा), पेशीच्या स्वतःच्या मागच्या स्पाइकचा फिल्टर (म्हणजे दादांचं सिग्नलचं अंतर आलंच त्यात) आणि शेजारच्या पेशींचा. शेजारी धरले तर स्पाइकवरून चित्राची २०% जास्त माहिती निघाली.

तलावपाळीकर: हाच तर माझा मुद्दा! शेजारी धरायच्या आधी जे नॉइज म्हणून सोडून दिलं असतं त्यात माहिती होती.

ऐरोलीची: मान्य, पण म्हणून उरलेलं सगळंच माहिती ठरत नाही ना, शेजारी धरून झाल्यावरही शिल्लक राहतंच. आणि शक्यता काढून टाकली तर मॉडेल किती चुकतंय हे मोजणार कशावर, लाइकलिहूड (मॉडेल खरं धरलं तर हेच स्पाइक दिसण्याची शक्यता) तिच्यामुळेच लिहिता येतो. तुमच्या भाचीला एक सांगा, मॉडेल बसवायच्या आधी दोन स्पाइकमधल्या अंतरांचा हिस्टोग्राम काढ. डावीकडे शून्याजवळ रिकामी खाच दिसते, साधा पॉइसाँ तिथेच मोडतो.

तलावपाळीकर: काढायला लावतो आजच. पण "असते" हा शब्द मी नोट्समधून खोडणार, "धरूया" लिहिणार.